मामाजींची दुसरी उशी

लहाने, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागली नाही. तुरीचा भाव, पोराची परीक्षा, तुझ्या सासूबाईंचे, म्हणजे आत्याबाईंचे गुडघे, सगळं सांगून झालं. फोन ठेवता ठेवता तू सासऱ्यांबद्दल सहज बोलून गेलीस, "मामाजींचा खोकला दिवाळीपासून जातच नाही गं. आडवं पडलं की ढास लागते, मग उठून बसतात. आता दोन उशा लागतात त्यांना." वर निदानही तूच करून मोकळी झालीस, "धूळ काय कमी आहे आपल्याकडे? धुळीचाच खोकला. अडुळशाचं औषध आणलंय."

मी अंधारात डोळे उघडे ठेवून त्या दुसऱ्या उशीचाच विचार करत होते. म्हणून आज भांडी आवरून निवांत बसलेय. 'हो ताई, हो ताई' करून मला कटवू नको. नीट ऐक.

आधी बाबांचं सांगते. दोन वर्षांपूर्वीचं तुला मी अर्धंच सांगितलं होतं. तू नुकतीच बाळंतपणातून उठली होतीस, म्हणून "बाबांना जरा अ‍ॅडमिट केलंय, आता बरं आहे" एवढ्यावर भागवलं. आज सगळं ऐक.

जानेवारीचे दिवस होते. बाबांचा नेम तुला ठाऊकच आहे. पहाटे साडेपाचला उठायचं, चौकातल्या शेकोटीवर अर्धा तास बसायचं आणि मग हायवेच्या कडेनं फिरून यायचं. मी कितीदा म्हटलं, नदीकडच्या रस्त्यानं जा. तर म्हणायचे, "ट्रकच्या उजेडात रस्ता दिसते बाई. साप-इच्चवाचं भेव नाही." शेकोटीत काय काय असायचं, ते मी एकदा बघितलं होतं. खाली पऱ्हाट्या, त्यावर फाटकं पोतं, एक जुनी चप्पल आणि पेट घेत नाही म्हणून वर सायकलच्या टायरचा तुकडा. थंडीत तो धूर वर जातच नव्हता. बसलेल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांपासून मुंडाशांपर्यंत तरंगत होता आणि मंडळी त्यात बसून निवडणुकीच्या गप्पा करत होती.

त्या दिवशी बाबा परत आले ते छातीच्या मधोमध हात ठेवून. "इथं भरल्यासारखं वाटते. ग्यास असन." मी ओवा दिला, लिंबू-सोडा दिला. त्यांना एक ढेकर आली. ढेकर आली म्हणजे गॅसच होता, असं मी ठरवून टाकलं आणि कामाला लागले. दुपारी दोनला बघते तर जानेवारीच्या थंडीत बाबांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. तिथून गाडी, पंचवीसेक किलोमीटरवरचं अकोला, ईसीजी, अँजिओप्लास्टी. बाबा वाचले. पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा कमजोर झाला. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर तो बराचसा वाचला असता. ती सकाळ ते दुपार माझ्या खाती जमा आहे, लहाने. तुझ्या खाती तसं काही जमा होऊ नये, म्हणून हे सगळं.

डॉक्टरांनी बाबांच्या सवयी विचारल्या तेव्हा बिडी सांगितली, बीपी सांगितलं. त्यांनी शेकोटीही लिहून घेतली, हायवेही लिहून घेतला. मला नवल वाटलं. धुराचा संबंध फुप्फुसाशी, दम्याशी. काळजाशी त्याचं काय?

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. रव्याच्या चाळणीत मैदा थांबतो का? नाकाचं तसंच आहे. वावरातली जाड धूळ नाकात अडकते, शेंबडातून, थुंकीतून बाहेर पडते. पण धुरातले बारीक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. डोक्याच्या केसाचे तीस उभे भाग केले तर त्यातला एक, इतके बारीक. पीएम 2.5 म्हणतात ते हेच. ते नाकात थांबत नाहीत, घशात थांबत नाहीत. फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात आणि त्यातले सगळ्यात बारीक तर रक्तात उतरतात. मग रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, त्या आवळतात, बीपी चढतं, रक्त गोठायला टपून बसतं, हृदयाची लय बिघडू शकते. तरण्याताठ्या शरीराला हे निभावून नेता येतं. सत्तरीतल्या काळजाकडे तेवढी शिल्लक नसते.

एका दिवसाच्या धुरानं बाबांना अटॅक आला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. बिडी होती, बीपी होतं, वय होतं. ढीग वर्षानुवर्षं रचला जातो आणि एखादी वाईट सकाळ त्याला काडी लावते, इतकंच.

हे फक्त आपल्या बाबांपुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे की 2019 साली बाहेरच्या दूषित हवेमुळे जगात 42 लाख माणसं अकाली गेली. त्यातल्या 68 टक्के लोकांना न्यायला आला तो हृदयविकार नाहीतर लकवा. फुप्फुसाचे जुनाट विकार, न्यूमोनिया हे सगळे त्यांच्या मागून. जुना दाखलाही आहे. लंडनमध्ये 1952 च्या डिसेंबरात पाच दिवस कोळशाचा धूर शहरावर बसून राहिला. सुरुवातीला चार हजारांवर जादा मृत्यू मोजले, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यात म्हातारी माणसं आणि आधीच छातीचं नाहीतर काळजाचं दुखणं असलेली माणसं जास्त होती.

तू म्हणशील, आपण कुठं लंडनात राहतो? खरंय. पण जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारनं स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि वर्षानुवर्षं हवेच्या निकषात न बसणाऱ्या शहरांची यादी केली, त्यात मुंबई-पुण्याच्या पंगतीत आपलं अकोला आहे, अमरावतीही आहे. आणि निकष म्हणशील तर आपले मुळात ढिले. बारीक कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत 40 मायक्रोग्रॅमपर्यंत आपल्याकडे चालते. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 5 म्हणते. म्हणजे आपलं 'ठीक' त्यांच्या 'ठीक'च्या आठपट.

तुमच्या गच्चीवरून पारसच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, म्हणून गावात कुणालाही खोकला झाला की बोट तिकडे जातं. तिथं आज 250 मेगावॉटचे दोन संच चालतात. आपल्या देशी कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख असते. त्यातली बहुतेक राख यंत्रं पकडतात, पण गंधकाचा वायू हवेत जातो आणि पुढं त्याचेही बारीक कणच होतात. हे सगळं खरं. पण सगळं बिल त्या चिमण्यांच्या नावावर फाडून मोकळं होऊ नको. फेब्रुवारी-मार्चात वावरं रिकामी करताना पेटवलेल्या पऱ्हाट्या कुणाच्या? बोंडअळीच्या भीतीनं पेटवतात, तेही समजतं. पण आता पऱ्हाटीचा भुगा करणारी यंत्रं आली आहेत, तो जमिनीत गाडला तर खत होतं. आणि चौकातलं टायर कुणी आणलं होतं?

रस्त्याचंच बघ. अमरावती-अकोला रस्ता किती वर्षं उखडून पडला होता! एसटीतून उतरलं की भुवयाही पांढऱ्या. मग जून 2022 मध्ये लोणी ते माना 75 किलोमीटरचं डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. धूळ कमी झाली आणि आपल्याला वाटलं, हवा सुधारली. पण डोळ्यांत जाते ती धूळ वेगळी आणि रक्तात जाते ती वेगळी. चांगल्या रस्त्यानं ट्रक वाढतात, ट्रकबरोबर डिझेलचा धूर वाढतो आणि तो काही भुवयांवर दिसत नाही.

घाबरवायला नाही सांगत गं. हवा आपल्याला विकत आणता येत नाही, चिमणी बंद करता येत नाही. पण म्हातारा माणूस कोणत्या वेळी, कुठं बसून श्वास घेतो, हे पुष्कळसं घरच्या बाईच्या हातात असतं. बाबांचं मी काय काय बदललं ते सांगते. सगळं एकदम जमलं नाही, भांडणंही झाली.

पहिली बदलली ती फिरायची वेळ. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. रात्रभराचा धूर त्या झाकणाखाली कोंडलेला असतो. ऊन चढलं की झाकण उघडतं. शिवाय पहाटेच्या गारठ्यानं बीपी तसंही वर असतं. म्हणून बाबा आता चांगलं ऊन पडल्यावर निघतात. फिरणं बंद केलेलं नाही हं! हृदयाला चालणं हवंच. फक्त हायवे सोडला. रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेलं तरी धुरात फरक पडतो. आता ते मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपर्यंत जातात, नदीकडे बघत पाच मिनिटं टेकतात आणि परत येतात. त्यांची मोजपट्टीही त्यांनीच शोधून काढली. गच्चीवरून किल्ल्याचा बुरूज स्वच्छ दिसला तर निघायचं, ऊन येऊनही धूसर दिसला तर घरातच येरझारा. मोबाइलवर 'समीर' नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात जवळच्या शहराचा हवेचा आकडा बघ. शंभरच्या आत असला तर चिंता नाही. दोनशेच्या वर गेला की म्हाताऱ्या माणसानं बाहेरची दगदग टाळावी.

शेकोटीवरून मोठं भांडण झालं. शेवटी मी सांगितलं, शेकोटी सोडू नका, टायर सोडा. चौकातल्या बाकीच्या आजोबांनाही मीच जाऊन सांगितलं. दोन दिवस कुणी बोललं नाही माझ्याशी. आता टायर बंद झालंय, आणि बाबा घरून स्वेटर, कानटोपी घालून जातात, वारा येतो त्या बाजूला बसतात, दहा मिनिटांत उठतात. माणसांची ऊबही लागते ना गं त्यांना. ती कशी तोडू?

मग घरातलं. बाबांच्या खोलीत डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली. मलेशिया आणि चीनमधल्या कॉइलींवरचा एक अभ्यास 2003 साली छापून आला होता. एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं त्यात निघालं. आपण दारं-खिडक्या लावून ती रात्रभर म्हाताऱ्यांच्या उशाशी ठेवतो! उदबत्ती देवाला एक पुरे, तीही खिडकी उघडी ठेवून. झाडू मारताना आधी पाण्याचा हात फिरवायचा, नाहीतर ओल्या फडक्यानं पुसायचं. आपली आजी अंगणात सडा टाकल्याशिवाय झाडूला हात लावत नव्हती. आपण फरशी आली म्हणून ते शहाणपण सोडलं. आणि तोंडाला दुपट्टा बांधला की झालं, असं समजू नको. दुपट्ट्यानं जाड धूळ अडते, बारीक कण आरपार जातात. नीट बसणारा एन-95 मास्क लागतो, पण धाप लागणाऱ्या माणसाला तो लावायचा का, ते डॉक्टरांना विचारून.

सगळ्यात वर गोळ्या. हवा खराब असणाऱ्या महिन्यांत बीपीची गोळी एक दिवसही चुकायला नको. "संपली, सोमवारच्या बाजारात आणू" हे चालायचं नाही. माझ्याकडे एक वही आहे. दोन दिवसांआड बाबांना पाच मिनिटं शांत बसवते, दंडावर पट्टा लावते आणि आकडा तारखेसकट लिहिते. डॉक्टरांना माझ्या बडबडीपेक्षा त्या वहीचा जास्त उपयोग होतो.

आता मामाजींच्या उशीकडे येते. आडवं पडलं की खोकला, उठून बसलं की बरं, हे धुळीचं लक्षण असेलच असं नाही. हृदयाचा पंप कमी पडायला लागला की फुप्फुसात पाणी साठतं. माणूस आडवा झाला की ते जाणवतं, म्हणून एकाच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. आज संध्याकाळी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून बघ. खड्डा पडून राहतो का? चपलेचा पट्टा रुततोय का? दोन-चार दिवसांत वजन भरभर वाढलंय का? यातलं काही असो वा नसो, उद्याच डॉक्टरांकडे ने, आणि 'खोकला आहे' एवढंच सांगू नको, 'दोन उशा लागतात' हेही सांग. ईसीजी आणि इको सांगितला तर टाळू नको. आणि मनानं आणलेलं खोकल्याचं औषध थांबव. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी बीपी वाढतं.

आणि लहाने, आता जे सांगते त्याचा राग मानू नको. मामाजींचं तू एवढं सांगितलंस. आत्याबाईंचं काय? तुझ्या घरी गॅस आहे, तो 2016 ला उज्ज्वला योजना आली त्याच्याही आधीपासून आहे. पण आंघोळीचं पाणी अजून परसातल्या चुलीवरच तापतं. मागच्या वेळी आले होते तेव्हा बघितलं मी. पहाटेचा अंधार, वर पत्र्याचं छप्पर, तुराट्या ओल्या आणि आत्याबाई गाल फुगवून फुंकणी फुंकतायत. मग मान वळवून खोकायचं, पदरानं डोळे पुसायचे, पुन्हा फुंकणी. पन्नास वर्षं तेच. फुंकणीच्या एका तोंडाला चूल आणि दुसऱ्या तोंडाला माणूस. फुंकून झालं की पुढचा श्वास कुठल्या हवेतून घेतात त्या?

घरातल्या चुलीच्या धुरानं जगात वर्षाला 32 लाख माणसं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा अंदाज आहे. त्यातही निम्म्याहून जास्त हृदयविकार आणि लकवा. चुलीपाशी कोण बसतं, ते तुला मी सांगायला नको. आत्याबाई म्हणतात, "थकवा येते, जिना चढला का धाप लागते, वय झालं." बायकांचा अटॅक पुष्कळदा असाच येतो. छातीत कळ असेलच असं नाही. कधी नुसती धाप, थकवा, मळमळ, पाठीत नाहीतर जबड्यात दुखणं. साखर असलेल्या माणसाचंही तसंच. आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणून त्या ज्या गोळ्या खातात ना, त्यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात, काळजावर ताण देतात. त्याही डॉक्टरांना दाखव. पाण्यासाठी हीटर घे, नाहीतर बंब दुपारी उन्हात तापव. तेही जमलं नाही तर चूल निदान उघड्यावर काढ आणि सरपण वाळलेलं घाल.

कुणालाही छातीत भरून आलं, दंड-जबडा दुखला, विनाकारण घाम फुटला, अचानक धाप लागली, तर ओवा-सोडा करत बसू नको. ढेकर आली तरी फसू नको, मी फसले होते. माणसाला चालवू नको, मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नको. 108 लाव. पैशांचा प्रश्न असेल तर ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. दोघांची आधार कार्डं घेऊन ते आताच काढून ठेव. अटॅक आल्यावर झेरॉक्सच्या दुकानात धावू नको.

तर आता ऐक. उद्या सकाळी चहाच्या आधी मामाजींचं बीपी मोज आणि त्यांना अकोल्याला घेऊन जा. निघायच्या आधी तोच पट्टा आत्याबाईंच्या दंडाला लाव. त्या "मले काय झालं?" म्हणतील, तरी लाव. वहीत दोन नावं घाल, दोन आकडे लिही आणि मला फोन कर. मी वाट बघते.